श्रीखंडाच्या डब्यातला उजेड

बापूराव तांबट बोलत मोजून आणि श्रीखंड वाढत त्याहून मोजून. अर्ध्या किलोचा डबा त्यांच्या फ्रिजमध्ये दहा दिवस टिके. कसबा पेठेतल्या शेजाऱ्यांना हा चमत्कार वाटे. यमुनाबाईंना वाटत नसे, कारण त्या त्याच घरात जेवत.

त्या दिवशी मात्र बापूराव बोलत सुटले होते. हस्तकलेच्या प्रदर्शनात गाळा हवा, तर स्वतः घडवलेल्या तांब्याच्या घंगाळाचा फोटो पाचच्या आत पाठवायचा होता. अट एकच: हातकाम स्पष्ट दिसलं पाहिजे. घंगाळाच्या अंगभर हातोडीचे बारीक ठोके होते, मठारकाम. त्यात बापूरावांचे तीन आठवडे गेले होते.

भाची नम्रता खराडीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून कॅमेरा घेऊन आली. खोली अंधारी, म्हणून फ्लॅश मारला. घंगाळाच्या पोटावर पांढराफटक डाग उमटला आणि ठोके गायब.

"मामा, हे तर मशीनमधून काढल्यासारखं दिसतंय."

"चकाकी कमी पडली," बापूरावांनी निदान केलं. चिंच-मीठ लावून घंगाळ घासलं. डाग वाटीएवढा होता, तो ताटलीएवढा झाला. पुन्हा चिंच. तिसऱ्या फोटोत घंगाळाऐवजी नम्रताच दिसली, कॅमेऱ्यासकट.

"अहो, आता त्यात बघून दाढी करा," यमुनाबाई म्हणाल्या.

नम्रताने कपाळावर हात मारला. "उजेड थेट पडतोय ना, म्हणून. फ्लॅशवर बसवायला डिफ्यूझर मिळतो. उजेड पसरवतो. दोन हजारांचा. पण परवा येईल."

परवा हा शब्द बापूरावांना दोन हजारांइतकाच लागला. चार वाजले होते.

"असतो कसा तो?" यमुनाबाईंनी विचारलं.

"पांढरं, धुरकट प्लास्टिक. डब्यासारखं."

यमुनाबाई उठल्या आणि फ्रिज उघडला. बापूरावांना पुढचं सगळं एका क्षणात दिसलं.

"अगं, आजच फोडलाय!"

"मग आजच संपवू." तीन वाट्या भरल्या. बापूरावांनी आयुष्यात पहिल्यांदा श्रीखंड घाईने खाल्लं आणि चेहरा असा केला, की जणू औषध घेताहेत. दुसरी वाटी मात्र स्वतःहून पुढे केली.

डबा धुतला. तांब्याचा पत्रा कापायच्या कातरीने बापूरावांनी बुडाला फ्लॅशच्या मापाचं भोक पाडलं, तेही आधी आखून. मग झाकण लावून डबा फ्लॅशवर बसवला, रबरबँडने आवळला. नम्रताने फ्लॅशचं तोंड छताकडे वळवलं. उजेड डब्यातून गाळला गेला, चुन्याच्या भिंतींवरून फिरला आणि घंगाळावर अलगद उतरला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकूणएक ठोका मोजता येत होता. बापूरावांनी मोजायला सुरुवातही केली आणि तिसऱ्या ओळीत अडकले. तिथे एक ठोका तिरका पडला होता.

"हा नको. घंगाळ फिरव." मग ते यमुनाबाईंकडे वळले. "तू मागून चहाची हाक मारलीस ना, तेव्हा हात हलला."

"माझ्यावर ढकला!" यमुनाबाई म्हणाल्या.

"मामा, पाचला दहा कमी आहेत," असं म्हणत नम्रताने फोटो पाठवूनही टाकला.

अर्धा तास बापूराव त्या तिरक्या ठोक्यावरून अंगठा फिरवत बसले. मग फोन वाजला. पलीकडून प्रदर्शनाच्या एक बाई म्हणाल्या, "गाळा तुम्हाला दिलाय. तो तिसऱ्या ओळीतला हललेला ठोका पाहिला, तिथेच खात्री पटली. मशीनचा हात कशाला हलेल?"

नम्रताने टाळी वाजवली. यमुनाबाईंनी पदर सावरला. "म्हणजे गाळा माझ्या चहाने मिळवला."

बापूरावांनी पायात चपला सरकवल्या, पिशवी घेतली.

"कुठे निघालात?"

"किलोचा डबा आणतो."

"किलोचा? तुम्ही?"

"उद्या बंबाचा फोटो काढायचाय," बापूराव दारातून म्हणाले. "बंब मोठा असतो."