झाकणाच्या आतली दुसरी खूण

शेणवे गावचे महिपतराव सायकल पंक्चरला द्यायचे तर आधी ट्यूबवर आपल्या हाताने खडूची रेघ ओढायचे. ट्यूब बदलली तर कळावं म्हणून. दळण टाकलं की शेवटची मूठ पडेपर्यंत गिरणीच्या तोंडाशी उभे. भुवया पांढऱ्या झाल्या तरी हलायचे नाहीत. डॉक्टरने सुई भरायला घेतली की बाटली मागून घेऊन वरचा मजकूर डोळे बारीक करून वाचायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ते डॉक्टरला कुठे माहीत होतं?

यात कुणाशी वैर नव्हतं. समोरचा फसवणार हे एकदा धरून चाललं की मग त्याच्याशी मोकळेपणाने गप्पा मारता येतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते भरपूर गप्पा मारत. फक्त एक माणूस त्यांनी या यादीतून वगळला होता. बायको, देवकी. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या हातचा चहा त्यांनी कधी वास घेऊन प्यायला नव्हता.

घरातली सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे वडिलांचं घड्याळ. वडील खर्डी स्टेशनात पॉइंट्समन होते. बदली होऊन जाताना एका स्टेशनमास्तरने स्वतःच्या हातचं काढून त्यांना दिलं. चावीचं, विलायती, पांढऱ्या तबकडीचं. वडील गेल्यावर महिपतरावांनी ते लोखंडी पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, कोयता-विळ्याबरोबर घड्याळाची पूजा व्हायची. महिपतराव अठ्ठावीस वेढे चावी द्यायचे, कानाला लावायचे, टिकटिक ऐकून मान हलवायचे आणि पुन्हा पेटीत.

दोन हजार तीनच्या दसऱ्याला चावी बसली, पण टिकटिक आली नाही.

शहापूरला एसटी स्टँडपाशी महादूचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची पेटी आणि तिच्यामागे महादू. सेलची घड्याळं आल्यापासून त्याच्याकडे जास्त करून सेल बदलायलाच लोक येत. चावीचं घड्याळ बघून त्याचा चेहरा खुलला. महिपतरावांना ते अजिबात आवडलं नाही.

"ठेवून जा, दादा. आठ दिवसांनी या," महादू म्हणाला.

"आठ दिवस काय करणार त्याचं?"

"खोलणार, धुणार, तेल देणार. मग चालवून बघणार. उताणं ठेवून, पालथं ठेवून, कुशीवर ठेवून. दरएक बाजूला चाल बदलते."

"माझ्यासमोर खोल."

"खोलतो. फक्त शिंकू नका."

महिपतरावांनी स्टूल ओढलं आणि नाक धरून बसले. महादूने डोळ्याला भिंग लावलं, बारक्या चाकूने मागचं झाकण उचकटलं आणि आत बघितलं.

"काय नाय झालेलं. तेल वाळलंय. नऊ वर्षं कुणाचा हात लागला नाय, तर वाळणारच."

"नऊ?"

"चौऱ्याण्णवला खोललेलं ना? मग नऊच झाली."

"एकसष्टला बाबांनी ठाण्याला नेऊन धुवून आणलं. त्यानंतर हे कुणी खोललेलं नाय."

महादूने झाकण आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. घड्याळजींची एक रीत असते. घड्याळ खोललं की झाकणाच्या आतल्या अंगाला सुईच्या टोकाने आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते. महिपतरावांना आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग हळूहळू दोन खुणा दिसल्या. एक जुनी, इंग्रजी अक्षरांची, एकसष्टची. दुसरी मराठीत. 'न. ११/९४.'

"हा नवशाचा हात," महादू म्हणाला. "मुरबाडचा नवशा. नऊला एवढी लांब शेपूट दुसरा कोण काढत नाय."

"मशीन बदललीय."

"नाय बदलली. मशीनवर नंबर असतो. एकसष्टवाल्याने तोपण झाकणावर कोरून ठेवलाय. बघा, जुळतोय. चोरी झालीच नाय, दादा. उलट कुणीतरी पदरचा खर्च करून दुरुस्त करून ठेवलंय तुमचं."

महिपतराव या वाक्याने जास्तच हादरले. चोर समजण्यासारखा असतो. त्याला वस्तू हवी असते, तो नेतो. पण बंद पेटीतून वस्तू काढून, ती नीट करून, पुन्हा जागच्या जागी ठेवणारा माणूस काय करणार नाही? ते स्टुलावरून उठले आणि चालू लागले.

"दादा, घड्याळ?" महादूने हाक मारली.

"ठेव आठ दिवस," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच खूण न करता त्यांनी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोडली होती, आणि तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन त्यांनी पेटी बघितली. कुलूप धड होतं. कोयंडा धड होता. किल्ली कमरेला होती. आंघोळीलाही ती उतरत नसे. चौऱ्याण्णवला घरात माणसं तीन. ते स्वतः, लेक वनिता आणि देवकी. वनिता तेव्हा एकोणीस वर्षांची, उंदराला भिणारी. तिने पेटी फोडली असेल असं मानायला महिपतरावांचा संशयसुद्धा तयार होईना. स्वतःवर त्यांचा संशय नव्हता, जरी तेही त्यांनी एकदा तपासून बघितलं.

संध्याकाळी देवकीने चहा आणून ठेवला. त्यांनी कप नाकाशी नेला.

"काय झाला? माशी पडली?" देवकीने विचारलं.

"नाय."

"मग हुंगता कशाला?"

"असंच."

देवकी त्यांच्याकडे बघत राहिली. महिपतरावांनी चहा प्यायला, पण तो नेहमीसारखा लागला नाही. आपलं बाकी सगळं गेलं तरी चालेल, हा चहा तेवढा पहिल्यासारखा लागू दे, असं त्यांना वाटून गेलं. आणि ते आता मुरबाडला गेल्याशिवाय होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी "शहापूरला जाऊन येतो" असं सांगून ते मुरबाडच्या एसटीत बसले. किन्हवली, सरळगाव मागे पडेपर्यंत ते एकच काम करत होते. चौऱ्याण्णवला घरात कोण कोण येऊन गेलं ते आठवत होते.

त्या वर्षी वनिताला बघायला दहा पोरं आली होती. महिपतरावांची परीक्षेची पद्धत पक्की होती. पोराच्या हातात घड्याळ पाहिजे, आणि ते चावीचं पाहिजे. सेलवाल्याला काय, बाजारातून सेल आणला की वर्षभर बघायला नको. रोज उठून चावी देणारा माणूसच संसार करतो. पण लोक लबाड असतात. बघायला जाताना मित्राचं घड्याळ, मेव्हण्याचे बूट घालून जाण्याची चाल सगळ्या तालुक्यात आहे. म्हणून पोहे झाले की महिपतराव म्हणायचे, "जरा काढा बघू ते, मनगट दाखवा." घड्याळ स्वतःचं असेल तर उन्हाने रापलेल्या हातावर पट्ट्याखाली फिकट वळ असतो. वळ नसेल, तर घड्याळ उसनं. नऊ पोरं या परीक्षेत नापास झाली. एक जण तर हात पुढे करायच्या आधीच चप्पल शोधायला लागला.

त्या नवांपैकी कुणीतरी पाळत ठेवून गेला असणार, असं एसटीत महिपतरावांनी ठरवलं. दहावा, धसईच्या भातगिरणीवर कामाला असलेला हरिश्चंद्र. तो आता जावई होता. त्याच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. त्याच्याकडे स्वतःचं, अगदी तसलंच घड्याळ होतं. स्टीलचा पट्टा, खाली पांढराफेक वळ. "चावी किती वेढे बसते?" असं विचारल्यावर त्याने क्षणाचाही विचार न करता "अठ्ठावीस" सांगितलं होतं. "आमच्यालापण अठ्ठावीसच," असं म्हणून महिपतरावांनी तिथल्या तिथे सुपारी फोडायला घेतली होती.

मुरबाडच्या बाजारात नवशाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. नवशा म्हातारा झाला होता, पण खूण ऐकल्याबरोबर हसायला लागला.

"ते घड्याळ मी मरेपर्यंत विसरायचा नाय. बसा. तुमी कोण त्यांचे?"

"लांबच्या नात्यातला," महिपतराव सावधपणे म्हणाले.

"एक पोरगा आलता. घड्याळात पाणी. आंघोळ केलीन घालून. मी म्हटलं, काढ आणि ठेवून जा. तर काढी ना. म्हणे, काका, हातातच दुरुस्त होतंय काय बघा."

"हातातच?"

"मी विचारलं, का रे बाबा, चामडीला चिकटलंय काय? तर रडकुंडीला आला. म्हणे, एक महिना काढायचा नाय असं सासूने बजावलंय. भातकापणीच्या उन्हात पट्ट्याखाली वळ उठवायचा हाय. सासरा वळ बघून पोरगी देतो."

महिपतरावांनी सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढली.

"म्हटलं, मग घड्याळ तरी तुझं हाय का? तर बोलला, नाय, तेपण सासऱ्याचंच हाय. अजून तो सासरा झाला नाय, पण हे बिघडलं तर कधीच व्हायचा नाय." नवशाने डोळे पुसले. "दोन दिवस घड्याळ ठेवून घेतलं मी. दोन दिवस तो मनगटाला फडकं बांधून फिरत होता, ऊन लागू नये म्हणून. गिरणीवर सगळे विचारायचे, हात मोडला काय. पुढे काय झालं देव जाणे. मिळाली का नाय पोरगी?"

"मिळाली," महिपतराव म्हणाले.

"तुमाला काय माहीत?"

"मी सासरा."

नवशाच्या हातातला चिमटा खाली पडला. मग नवशाने समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. महिपतरावांनी आपला कप नुसता बघितला, वास घेतला नाही. आता कशाकशाचा घेणार?

घरी पोचले तेव्हा देवकी अंगणात भात पाखडत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"मुरबाडला गेलतो."

देवकीने सूप थांबवलं नाही. "नवशा जित्ता हाय अजून?"

म्हणजे तिला नावही माहीत होतं. महिपतराव उंबऱ्यावर बसले. रागवायचं ठरवून आले होते, पण नऊ वर्षं उशीर झालेला राग कुठून सुरू करायचा ते कळेना.

"कुलूप कसं काढलंस गो?"

"कुलपाला कोणी हात लावला? पेटीला मागून दोन बिजागऱ्या हायत. त्यांतली खीळ खिळ्याने ठोकली की झाकण मागून उघडतंय. तुमी कायम पुढूनच बघता."

महिपतराव आत गेले. पेटी भिंतीपासून ओढून त्यांनी मागची बाजू बघितली. खिळी ढिल्या होत्या, चांगल्या वापरातल्या वाटत होत्या. ते परत बाहेर आले.

"आणि पोराला तसा वळ उठवायला तूच सांगितलंस?"

"तुमी नऊ परत पाठवलेत. त्यांतला चौथा चांगला होता, आता किन्हवलीला मास्तर हाय. हा दहावा वनीला आधीपासून आवडला होता. त्याच्याकडे सेलवालं होतं. मग काय करणार? पोरगी घरात ठेवून वळ बघत बसायचं?"

"अठ्ठावीस वेढे?"

"तेपण मीच शिकवले."

"मी त्याला पसंत केला होता," महिपतराव म्हणाले. आवाजात तक्रार होती.

"तुमी घड्याळ पसंत केलंत. जावई मी केला."

सूप पुन्हा हलू लागलं. महिपतराव जावयाबद्दल विचार करू लागले. नऊ वर्षांत पोरीला त्याने एकदाही दुखावलं नव्हतं. लावणीला न बोलावता यायचा. मागच्या वर्षी महिपतराव तापाने पडले तेव्हा तीन रात्री उशाशी बसला होता. एक दोष दिसत होता: सासऱ्यासमोर बसला की डावा हात खिशात घालायचा. तेवढंच बघून महिपतराव देवकीला म्हणाले होते, "पोराला थंडी फार वाजते."

"वनीला सांगू नको मला कळलंय म्हणून," ते म्हणाले. "त्यालापण नको."

"का?"

"कशाला उगाच."

"नाय सांगत," देवकी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. कप समोर आला तेव्हा महिपतरावांनी सवयीने, म्हणजे छत्तीस वर्षांच्या सवयीने, सरळ तोंडाला लावला. साखर थोडी जास्त होती. तेवढं सोडलं तर चहा पहिल्यासारखा लागला.

दिवाळीच्या पाडव्याला लेक-जावई फराळाला आले. महादूकडून आलेलं घड्याळ महिपतरावांच्या हातात होतं. हरिश्चंद्राने ते बघितलं आणि करंजी तोंडात तशीच ठेवून डावा हात खिशात घातला.

"जावईबापू," महिपतराव म्हणाले, "तुमचं चावीचं घड्याळ बरेच दिवसांत दिसलं नाय. काय झालं त्याचं?"

"ते... मोबाइल घेतला ना, मामा. त्यात टाइम दिसतो."

"पण वस्तू जपून ठेवली असेल?"

"हो. म्हणजे, एकदम सेफ जागी हाय."

"कुलपात?"

हरिश्चंद्राला ठसका लागला. वनिता पाणी आणायला पळाली. महिपतराव त्याच्या पाठीवर हळूहळू हात फिरवत राहिले, आणि असं सुख त्यांना गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

"पुरे झाला," देवकी आतून म्हणाली. "त्याला खाऊ द्या आता."