पुढच्या शुक्रवारची सही

मी घातक कचऱ्याची तपासणी करणारी निरीक्षक. चौदा वर्षांत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले, पण इतके आळशी नाही पाहिले!

कारखान्यामागच्या शेडमध्ये आम्लाची आणि टाकाऊ सॉल्व्हेंटची पिंपं एकमेकांना खेटून उभी केली होती. एक ठिणगी पडायचा अवकाश. त्यातली तीन बुडाशी गळत होती आणि तो पिवळट ओघळ भिंतीखालून सरळ बाहेरच्या गटारात चालला होता. दुसऱ्या बाजूच्या भिंतीपलीकडे कामगारांची जेवणाची खोली. माझे डोळे चुरचुरायला लागले.

मी रजिस्टर मागवलं. दर शुक्रवारी पाहणी, दर शुक्रवारी ‘गळती नाही’ आणि खाली भांडार सांभाळणाऱ्या काकांची सही. आज मंगळवार होता. येत्या शुक्रवारीही गळती नव्हती. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नव्हती!

“हे काय आहे?”

मॅनेजर गोड हसला. “काका वेंधळे आहेत हो, वय झालं. नोटीस त्यांच्याच नावाने काढा. आम्ही त्यांना घरी बसवतो, म्हणजे विषय मिटला.”

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. रजिस्टर आणून ते तिथेच मान खाली घालून उभे होते.

“काका, सही तुमची, पण वरचं अक्षर तुमचं नाही. कोण लिहितं?”

“साहेब महिन्याचं एकदम लिहून पाठवतात. गळतंय म्हणून दोनदा सांगितलं मी. म्हणाले, तुमचं काम सहीपुरतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणार हा, अडकणार म्हातारा! पण रागातून काकाही सुटले नाहीत. “पलीकडे माणसं डबे उघडतात, काका, आणि तुम्ही सह्या करत बसलात?”

शेडला सील ठोकलं. नोटीस काढली ती मालक आणि मॅनेजरच्या नावाने.

मॅनेजरने हात पाठीमागे घेतले. “मी घेणार नाही.”

“नका घेऊ. दारावर चिकटवली की पोचली.”

काका आत गेले आणि डिंकाची बाटली घेऊन आले. “द्या मॅडम, मी लावतो.”

“काका, उद्यापासून कामावर यायचं नाही!” मॅनेजर किंचाळला.

काकांनी नोटिशीचे चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले.

“उद्यापासून कशाला, साहेब? आत्ताच निघतो. एवढं वाळू दे फक्त.”