पाचव्या गुरुवारानंतर

नागोठण्याच्या स्टँडवर एसटी थांबली तसा हिरामण उठला. शकूला वाटलं, नवरा पाय मोकळे करायला उतरतोय. भाचीच्या साखरपुड्याची साडी आणि मिठाईचा पुडा मांडीवर सांभाळत ती खिडकीशी बसून राहिली. गाडी रोह्याकडे निघाली तेव्हा तिला दिसलं, हिरामण रस्ता ओलांडून पेणकडे जाणाऱ्या मिनीडोरला हात करतोय. तिनं हाक मारली. त्यानं ऐकली, पण मागं पाहिलं नाही.

घर सोडल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. उघाडीची झडप नीट बसलीय ना?

खाडीच्या बांधात एक दगडी मोरी होती आणि तिला खाडीच्या अंगानं जाड लाकडी झडप. तीच गावाची उघाडी. ओहोटीला झडप आपोआप सैल होऊन शेतातलं पाणी बाहेर सोडायची, भरतीचा दाब आला की आपोआप मिटायची. सगळ्या गावाचं भात तिच्या भरवशावर उभं होतं. पहाटे उठून हिरामणनं ती पाहिली होती. चहानंतर पुन्हा पाहिली. नवा सदरा अंगात घातल्यावर, 'गुरांना पेंढा टाकून येतो' असं सांगून तिसऱ्यांदा पाहिली. तिन्ही वेळा झडप जागेवर होती. पण अमावास्या कालच सरली होती, आज मोठ्या भरतीचं उधाण होतं.

तीन वर्षांपूर्वी अशाच उधाणाला बांधाच्या राखणीची पाळी हिरामणची होती. त्याला रोह्याला बहिणीकडे जेवायला जायचं होतं, म्हणून त्यानं धाकट्या भावाला, जगनला, राखणीला बसवलं. दुपारी बांधाला खांड पडली. ती बुजवताना जगन पाण्याबरोबर आत ओढला गेला आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाजणाच्या चिखलात सापडला.

त्यानंतर हिरामण दिवसातून तीस-चाळीस वेळा बांधावर जाऊ लागला. जेवणावरून उठायचा, अंथरुणातून उठायचा. शेवटी रोह्याची थोरली बहीण धोंडुबाई आली आणि त्याला हाताला धरून पेणला घेऊन गेली. तिथे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि दर गुरुवारी ठाकूर मॅडमपुढे बसून बोलायचं ठरलं.

मॅडम साध्या भाषेत बोलायच्या. "झडप बघून आलात की भीती घटकाभर गप्प बसते. मग पुन्हा उठते, आणि पहिल्यापेक्षा जास्त मागते. आपल्याला तिला द्यायचं बंद करायचंय."

बारा गुरुवार ठरले होते. पाचव्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी तुमच्या गावी येते. आपण बांधावर जाऊ. तुम्ही एकदाच बघायचं आणि घरी यायचं. मग छातीत काहीही होऊ दे, परत जायचं नाही."

हिरामण व्हय म्हणाला, आणि पुन्हा पेणला गेला नाही.

घरी त्यानं सांगितलं, मॅडम म्हणतात बरा झालास. ते अगदीच खोटं नव्हतं. तो जेवत होता, झोपत होता, बांधावर दोनतीनदाच जात होता. भाताची आवणी सुरू झाली, लावणीच्या गडबडीत गोळ्याही सुटल्या. दोन वर्षं बरी गेली.

या वर्षी गणपती गेल्यावर ते परत आलं. आधी दुपारच्या जेवणानंतर एक फेरी. मग काहीतरी निमित्त काढून दुसरी. शकूला चिखल दिसू नये म्हणून तो विहिरीवर पाय धुऊन घरात शिरायचा. ही वाट कुठं जाते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दोनदा त्यानं फोनमध्ये मॅडमचा नंबर काढला आणि दोन्ही वेळा फोन खिशात टाकला. सहाव्या गुरुवारी का नाय आलात, असं विचारलं तर काय सांगायचं?

मिनीडोरमधून उतरून तो बांधावर पोचला तेव्हा भरती निम्मी चढली होती. झडप बसलेली होती. आतल्या अंगाला पाण्याचा नुसता ओघळ होता, नेहमी असतो तेवढाच. हिरामण परत फिरला, वीसेक पावलं गेला आणि थांबला. ओघळ नेहमीपेक्षा मोठा तर नव्हता?

तो मागं आला. दिसतं तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. झडप जरा उचलून सोडली, ती धाडदिशी बसली, तर खात्री पटेल असं त्याला वाटलं. महिनाभर ओहोटीला तो तेच करत होता. आज पाणी दाबत होतं, म्हणून त्यानं राखणीच्या खोपीतली पहार आणली, बांधाच्या कडेला वाकून ती झडपेच्या फटीत घातली आणि सगळं वजन टाकलं. झडप उचलली गेली, बसली. त्यानं पुन्हा उचलली. तिसऱ्या वेळी वरची बिजागरी लाकडासकट उपटून आली. झडप एका अंगाला लोंबकळली आणि खाडीचं गढूळ पाणी मोरीतून आत घुसलं.

हिरामण आतल्या अंगानं मोरीत उतरला आणि उघड्या भगदाडाला पाठ लावून उभा राहिला. पाण्यानं त्याला उचलून शेतात फेकलं. तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. मग तो ओरडू लागला.

पहिला धावत आला तो केरू. हा माणूस बांधाच्या कडेनं चिंबोऱ्या धरायचा. त्यानं हिरामणला बाहेर ओढला आणि गावाकडे पळत जाऊन माणसं आणली. मातीच्या गोणी टाकून मोरी बुजवेपर्यंत दुपार टळली. तोवर खालच्या अंगाची शेतं खाऱ्या पाण्यात गेली होती. सगळ्यात खालचं शेत जनीचं, जगनच्या बायकोचं. भात नुकतंच पोटरीतून बाहेर आलं होतं.

कपडे वाळायच्या आत रोह्याहून धोंडुबाईचा फोन आला. "हिरा, मामाची जागा रिकामी ठेवून कार्य उरकलं. कुठं होतास?"

"बाय, बांध फुटला होता," तो म्हणाला. तो नागोठण्याला उतरला तेव्हा बांध शाबूत होता हे त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गाव बसलं. केरूला मधोमध उभा केला होता. चिंबोऱ्यांच्या लोभानं झडप यानंच उचकटली, दुसरं कोण तिथं फिरकतं, असं जो तो म्हणत होता. केरू सांगत होता की मी पळत आलो तेव्हा पाणी घुसलेलंच होतं, पायजे तर हिरामणला विचारा. कोणी विचारलं नाही. भाऊ गमावलेल्या माणसाला असलं काय विचारायचं? केरूला बांधावर पाय ठेवू द्यायचा नाही असं ठरत आलं, तेव्हा हिरामण खांबाला धरून उठला.

"केरूनं नाय. मी मोडली."

मग त्यानं सगळं सांगितलं. जगनला आपल्या जागी राखणीला बसवलं ते, नागोठण्याला उतरलो ते, पहार, महिनाभराच्या फेऱ्या, पेणचे पाच गुरुवार आणि न केलेले सात. बोलताना तो देवाकडे बघत होता, माणसांकडे नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "याड्याला राखणीला ठेवला तर असंच व्हायचं." ते त्याला ऐकू यावं असंच म्हटलं होतं.

जनी बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. थोरल्या दिरासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"दादा, हे तुमच्या भावाच्या नावावर घालू नका. त्या दिवशी तुमी असता तर तुमी गेला असता. त्याचं मी तुमाला कधी बोलले नाय, आजपण बोलत नाय. पण माजं भात तुमी मारलंत."

"व्हय," हिरामण म्हणाला.

"सात राहिलेत ना? ते करा."

एवढं बोलून ती शकूकडं वळली. "वैनी, तू सोबत जा गो. एकटं सोडू नको. मधीच उतरतील."

गावानं राखणीच्या पाळीतून हिरामणचं नाव काढलं. केरूला कोणी दोन शब्द बरे बोललं नाही. तो आपली जाळी उचलून गेला.

गुरुवारी शकू आणि हिरामण पेणला गेले. मॅडमचे केस मधल्या काळात पिकले होते, चष्मा बदलला होता. त्या रागावल्या नाहीत, तेच त्याला जड गेलं.

"का आला नाहीत?"

आवणीच्या गडबडीचं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"भ्यालो," तो म्हणाला.

मॅडमनी मान हलवली. "आज घरून निघायच्या आधी किती वेळा गेलात?"

तीन सांगायचं त्यानं ठरवलं होतं. दाराबाहेर शकू बसली होती. तिलाही तीनच ठाऊक होत्या.

"नऊ," हिरामण म्हणाला.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पहिले पंधरा दिवस त्याचं तोंड कोरडं पडायचं आणि हात कापायचे. आता मोजणी शकूकडं होती. तो उठला की ती काही बोलत नसे, फक्त दारात येऊन उभी राहायची, आणि ती बघतेय म्हणून कधीकधी तो परत आत येऊन बसायचा, घामानं भिजून. आकडा सातवर आला, मग चारवर. दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणाला तो एकदम अकरावर गेला. पुढच्या गुरुवारी त्यानं अकरा सांगितले.

दिवाळीनंतर गावात कापणी झाली. जनीच्या खालच्या शेतात नुसता पळींज, दाणा न भरलेला, उभा राहिला होता. तोही हिरामणनंच कापला, तिनं नको म्हटलं नाही. गुरांपुढं टाकला तर गुरांनी हुंगून तोंड फिरवलं. जनी पेणच्या पोह्याच्या गिरणीत कामाला जाऊ लागली. गुरुवारी सकाळी तिघं एकाच गाडीनं जात. दोघी जावा पुढं बसत, हिरामण मागं बसे.