धुरपताबाईंची पोथी

“आजी, हे पोथी नाई. कादंबरी आहे.”

आनंदाबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. ओसरीवर रक्षा मांडी घालून बसली होती. पुढ्यात लाल कापडाचं बासन सोडलेलं आणि त्यावर ते पुठ्ठा गेलेलं, पिवळं पुस्तक.

“काहीच्या काही नको बोलू व माय. चाळीस वर्सं झाले, दिवा लावून राह्यली मी तिले.”

“खरंच सांगते. पाहा ना, मास्तर आहे, वकील आहे, टांगा आहे. पोथीत टांगा असते का?”

पोथीत टांगा नसतो, एवढं आनंदाबाईंनाही कळत होतं. म्हणजे एकच उरलं, पोरीनं पोथी बदलली. आत दूध तापायला पंधरा मिनिटं नक्की लागली होती. तेवढा वेळ पोथी आणि ही पोरगी ओसरीवर दोघीच होत्या.

रक्षा वर्ध्याच्या कॉलेजात मराठीचं एम.ए. करत होती. देवळीच्या आसपास घरोघर शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या, पोथ्या, व्रतांची पुस्तकं शोधायची आणि पानापानाचे फोटो काढून ठेवायचे, असं तिचं काम. आनंदाबाईंनी आधी तिला दोनदा परत पाठवलं होतं. मागच्याच महिन्यात गल्लीत भांडी उजळून देणारे दोघे आले आणि शेजारणीची पोत उजळून घेऊन गेले. पण बासनाखाली रोज कसरीचा भुसा पडायला लागला, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. पोथी फोटोत तरी राहील म्हणून त्यांनी गाठ सोडू दिली. आता स्वतःच्या भोळेपणाचा त्यांना असा राग आला, की तो सगळा त्या पोरीवर निघाला.

“तुह्यी पिशवी दाखव,” त्या म्हणाल्या.

रक्षाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. तोवर आवाज ऐकून पलीकडच्या बिऱ्हाडातून महादेवराव आले. आनंदाबाईंचा हा धाकटा दीर, बासष्ट वर्षांचा. आईच्या पोथीला हात जोडल्याशिवाय हा माणूस सोयाबीन मोजायलाही बसत नसे. पोथी बदलली, एवढं वहिनींकडून ऐकल्यावर त्यांनी पुढची विचारपूस केलीच नाही. पिशवी उचलली आणि ओसरीवर उपडी केली. डबा, चार्जर, वह्या पडल्या, आणि सगळ्यांत शेवटी लाल फडक्यात बांधलेली एक पोथी.

“हे पाहा वैनी! सापडली.”

“ते बोरगाव मेघेच्या एका आजीची आहे, काकाजी. आत नाव हाये, नंबर हाये. लावा फोन.”

फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पोथी आपलीच असल्याचं सांगितलं, वर पोरीचं कौतुकही केलं. पण महादेवराव फोनवरच्या कौतुकानं विरघळणारे नव्हते.

“मंग आमची कुठं गेली? बाहेर कोणाच्या हातात देल्ली? जंगूची नात ना तू? तुह्या आज्यानं आमच्या वावरात जिंदगी काढली, एक कणीस उचललं नाई. अन् तू पोथी उचलतं?”

“आज्याचं नाव घेऊ नका,” रक्षा म्हणाली. मान तिनं खाली घातली नाही. “पोलिसाले बलवा, कॉलेजात फोन करा. पण त्याच्या आधी वाचून तर पाहा. आजीले वाचता येते ना?”

येत होतं. सदतीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईला वाचता येणार नाही तर कोणाला? पण ही पोथी त्यांनी कधी उघडलीच नव्हती. “माह्यामागं दिवा लाव, बासन नको सोडू,” असं सासूनं मरताना सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं. चष्मा लावून त्यांनी पुस्तक उचललं, ते पोरीचं खोटं पकडायलाच. मधलंच एक पान उघडून त्या वाचू लागल्या.

“‘पुत्र गेला तो दैवाने नेला. पण सुनेस जिवंतपणी कोंडून ठेवाल, तर ते पाप दैवाच्या माथी मारता येणार नाही.’”

पुढचं वाक्य त्यांनी पानाकडे न पाहता म्हटलं. मग त्याच्या पुढचंही. रक्षा बोट ठेवून पाहत होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तेविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा हेच शब्द त्यांनी भिंतीआडून ऐकले होते. सासू, धुरपताबाई, माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. घरातल्या वडीलधाऱ्यांत वाचता येणारी तीच एक. रोज दुपारी ती बासन सोडायची आणि सासऱ्यांना, दिरांना समोर बसवून पोथी वाचायची. सासरे सुनेला पाण्याला जाण्याखेरीज उंबरा ओलांडू देत नव्हते. पण पोथीतला ऋषीच असं म्हणतो म्हटल्यावर त्यांनी महिनाभर विचार केला आणि एक दिवस म्हणाले, बसू दे तिले धाव्वीले. दहावी झाली, पुढे अंगणवाडी मिळाली. इथे पुस्तकात ते बोलणारा ऋषी नव्हताच. साधा शाळेचा मास्तर होता.

आनंदाबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. गप्प बसणं फार सोपं होतं. शब्द जुळल्याचं रक्षाशिवाय कोणाला कळलं नव्हतं, आणि रक्षाचं ऐकतंय कोण? बोललं तर देवासारखी सासू चारचौघांत खोटी ठरणार, आणि आपली सदतीस वर्षंही त्या खोट्यावर उभी असल्याचं दिसणार. महादेवराव खिशातून मोबाइल काढून कोणाचा तरी नंबर शोधत होते.

“थांबा भाऊजी. हे तेच हाये. कोणी बदललं नाई.”

“तेच म्हंजे?”

“आत्याबाई हेच वाचत होत्या. पोथी नव्हतीच. कादंबरी बासनात बांधून पोथी म्हून वाचली त्यांनी.”

“माय खोटं वाचे?” महादेवरावांचा आवाज चिरकला. “देवाचं नाव घेऊन? काऊन?”

“माह्यासाठी.”

महादेवराव ओसरीच्या पायरीवर बसले. आनंदाबाई रक्षाकडे वळल्या. “पोरी, पिशवी दाखव मीच म्हटलं. तुह्या आज्याले पन्नास वर्सं वळखतो आमी, तरी म्हटलं. माह्यं चुकलं.” रक्षानं मान हलवली, पण डोळे पुसले नाहीत. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

“शेवट तरी खरा होता ना?” महादेवराव एकदम म्हणाले. “मी पंधरा वर्सांचा होतो, पण आठवते मले. ते सून घागर घेऊन नदीवर जाते. भरून आनते. सासू तिच्या हातातून घागर घेते अन् म्हन्ते, जा बाई, शाळेची येळ झाली.”

रक्षानं शेवटचं पान काढून आनंदाबाईंपुढे धरलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

“‘पहाटे ती घागर घेऊन नदीवर गेली. त्यानंतर ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही. समाप्त.’”

त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं. नवरा गेला त्या वर्षी त्या पाण्याला निघाल्या की सासू हातातलं काम टाकून मागोमाग विहिरीवर यायची. तरण्या सुनेवर धुरपताचा भरवसा नाही, असं बायका बोलत, आणि आनंदाबाईंनाही तेच वाटे. एकदा पोहरा न सोडता त्या नुसत्याच विहिरीत पाहत उभ्या होत्या, तेव्हा मागून येऊन सासूनं घागर काढून घेतली होती. इथंही पाळत, या रागानं त्या पुढे कित्येक महिने तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. तो राग सासू मरेपर्यंत थोडासा उरलाच होता.

“आजी,” रक्षानं हळूच विचारलं, “या पानाचा फोटो घेऊ?”

“घे.” आनंदाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. “अन् वही काढ. आत्याबाईनं वाचलं ते बी लिहून घे.”

रक्षानं वही उघडली. आनंदाबाई सांगायला लागल्या, पण घागरीपाशी येऊन थांबल्या. मग पायरीवरून महादेवरावांनीच पुढचं सांगितलं, पोरीला लिहून घेता येईल अशा बेतानं, एकेक शब्द.