गोळीशिवायची सकाळ

दाढी केल्याशिवाय चकाचक कधी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. न्हाव्याच्याच गालावर खुंट दिसले तर गिऱ्हाईक कशाला खुर्चीत बसेल? चकाचक हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की सासुरवाडीचे लोकही त्याला त्याच नावाने ओळखत.

कंपवात जडला तसा वस्तरा धाकट्या भावाच्या हाती गेला. थरथरता वस्तरा गळ्याशी आलेला कोणाला आवडणार? चकाचक आता दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असे. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता एके काळी, पण आवाजही खोल गेला आणि चेहराही थिजला. विनोद झाला तरी तोंडावरची माशी हलायची नाही. त्याला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. आतसुद्धा सगळं बधिर झालं होतं, आणि बधिर माणसाला तक्रार कसली?

एक गोष्ट मात्र त्याने नेटाने सांभाळली होती. बायको उठायच्या आत तो उशाची गोळी चाचपडून तोंडात टाकायचा आणि आखडलेलं अंग मोकळं होईपर्यंत तसाच पडून राहायचा. ती उठेपर्यंत स्वारी आरशासमोर, गालाला फेस लावून तयार. आजार म्हणजे हात जरा कापतो, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकी आपला नवरा सदा घुम्यासारखा बसतो, हे ती बघत होती, आणि हळूहळू तीही कामापुरतंच बोलायला लागली होती.

मग मोठ्या दवाखान्यात या आजारावरच्या एका नव्या औषधाचं संशोधन निघालं. ज्यांचा आजार बऱ्यापैकी पुढे गेलाय अशांनाच घेणार होते. अट एकच, तपासणीच्या आदल्या रात्रीपासून नेहमीची गोळी घ्यायची नाही. आजार उघडा दिसला पाहिजे. चकाचकला यात जायचंच होतं. पुन्हा एकदा कोणाच्या तरी गालावरून वस्तरा सरळ फिरवता यावा, एवढी एकच इच्छा त्याच्यात शिल्लक होती.

पहिल्या खेपेला तो एकटाच गेला, आणि घोटाळा करून बसला. सकाळी वस्तरा हातात धरवेना. असं भुतासारखं तोंड घेऊन चारचौघांत जायचं? तो न्हावी होता. त्याने गोळी गिळली, गुळगुळीत दाढी केली आणि वेळेवर हजर झाला.

डॉक्टरीणबाईंनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं. सगळं झकास. त्यांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"काका, तुमचे जुने कागद काही वेगळंच सांगतात. इथे तर तुम्ही नवरदेवासारखे चालताय." मग त्यांची नजर त्याच्या हनुवटीवर गेली. "दाढी कोणी केली?"

"मीच."

"आज? गोळीशिवाय?"

चकाचकने हनुवटी हाताने झाकली. "दाढीपुरतीच घेतली," तो म्हणाला.

यावर तिथल्या सिस्टरने त्याची जी हजामत केली, ती बिनपाण्याने केली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं असेल तर येता कशाला, तुमच्या एका गोळीने सगळ्या अभ्यासाचं मातेरं होईल, वगैरे वगैरे. डॉक्टरीणबाई मऊ होत्या. पुढच्या आठवड्यात एकदा पुन्हा या म्हणाल्या, पण गोळी न घेता, आणि घरचं माणूस सोबत घेऊन. तेवढं जमलं नाही तर नाव कापावं लागेल.

घरचं माणूस म्हणजे बायकोच. भाऊ दुकान सोडून येणार कसा?

त्या सकाळी ती उठली तेव्हा तो छताकडे बघत पडलेला होता.

"उठा की! निघायचं ना? का रुसून बसलात?"

"उठव मला," तो म्हणाला.

तिने आधी चेष्टा समजून हात दिला. मग दोन्ही हात दिले. मग पलंगावर गुडघा टेकून ओढलं. शर्टाची बटणंही तिनेच लावली. "दाढी?" तिने विचारलं. "राहू दे." लग्नापासून पहिल्यांदा ती त्याला खुंट वाढलेल्या तोंडाने बाहेर नेत होती.

तपासणीच्या खोलीत तिला भिंतीकडच्या स्टुलावर बसवलं. ती बाहेर थांबली असती तर बरं, असं चकाचकला वाटलं, पण सांगायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथे तर मूठच उघडायला सांगत होते. उघडली, अर्धी मिटली, तिथेच अडकली. हसायला सांगितलं, तर चेहरा थिजलेलाच राहिला; यात चेहराही आखडतो, असं डॉक्टरीणबाई सिस्टरला म्हणाल्या. हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं, तर तो पुन्हा पुन्हा मागे आपटला. चालताना दारापाशी पाय जमिनीला खिळले ते सुटेनात. मग डॉक्टरीणबाईंनी मागून खांद्यांना हिसका दिला, आणि तो पोत्यासारखा थेट मागे सावरायला उभ्या असलेल्या सिस्टरच्या अंगावर गेला. हे सगळं तो दुसऱ्याच कोणाचं तरी बघावं तसं बघत होता. फक्त स्टुलाकडे बघायचं त्याने टाळलं.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घेतलं तुम्हाला. अर्ध्यांना खरं औषध मिळणार, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. तुम्हाला कुठली मिळेल ते मलाही कळणार नाही. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. आपण जिंकलो, हे त्याला कळलं. आनंद काही झाला नाही.

नेहमीची गोळी देऊन सिस्टरने दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. अंग मोकळं होईपर्यंत थांबायचं होतं. बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"रोज असं होतं?"

"हं."

"मी उठायच्या आधी?"

"हं."

"आणि मी समजत होते, तुम्ही माझ्यावर रागावलेले असता." तिचा आवाज चिरकला. "सकाळी सकाळी तुमचं ते तोंड बघायचं, आणि वाटायचं, मी केलं तरी काय? म्हणून मीसुद्धा बोलणं टाकलं. इतकी वर्षं, अहो!"

"रागावलो नव्हतो."

"मग तोंडाला काय झालं होतं सांगायला?"

त्याच्या आत कुठूनतरी खोलवरून काहीतरी वर येत होतं, दुखत होतं, आणि वाईट वाटण्याची सवय मोडल्यामुळे त्याला ते आधी ओळखूच आलं नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि वळून त्याचा चेहरा न्याहाळला, अगदी जवळून.

"आता रागावलाय?"

"नाही."

"रडताय?"

"थोडं."

"आणि आता?"

"हसतोय," चकाचक म्हणाला.

चेहऱ्यावरची एक रेष हलली नव्हती. ती बघत राहिली, मग तिने मान डोलावली.

"बरं," ती म्हणाली. "यापुढे असंच सांगत जा."