निळ्याने बळकावलेला धोंडा

मी शहाडजवळच्या उल्हास नदीतला एक काळा धोंडा. धोंड्याला आपणहून कुणी विचारत नाही, म्हणून मीच बोलायला सुरुवात करतोय. नदीनं मला वर्षानुवर्षं घासलं आणि घासता घासता माझ्या पोटाशी एक पोकळी पाडली. त्या पोकळीपायीच माझं नशीब फिरलं.

एके दिवशी विनीत नावाचा तरुण नदीवर आला आणि आम्हा काही दगडांना गोणीत भरून डोंबिवलीला घेऊन गेला. हा वागळे इस्टेटमध्ये काचेच्या कारखान्यात कामाला. बायकोसाठी, दक्षतासाठी, त्यानं स्वतःच्या हातानं काचा चिकटवून माशांची मोठी टाकी बनवली होती. लग्न झाल्यापासून दक्षतानं स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट. तिनं मला ब्रशनं खसाखसा घासलं, कढत पाण्यानं आंघोळ घातली आणि टाकीच्या मधोमध बसवलं. उभ्या जन्मात माझे एवढे लाड झाले नव्हते.

मग मासे आले. आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरातल्या जातीचे, सिक्लिड म्हणतात त्यांना. रंग असे की बघणाऱ्यानं चहा विसरावा. पण स्वभाव भलताच तिखट. कल्याणचा दुकानदार पंढरी तसं बजावत होता, पण विनीतची आई रखमाबाई सोबत असताना त्याचं कोण ऐकणार. रखमाबाई ठाण्याच्या खाडीकाठची कोळीण, सगळी उमर बाजारात मासळी विकण्यात गेलेली. त्यांच्या घरात काहीही आणायचं ते जोडीनं, अशी रीत.

"एकटा जीव घरात आणू नये," त्या म्हणाल्या. "जोडा दे, नर नि मादी."

तेव्हा एक निळा जोडा, एक पट्ट्यापट्ट्यांचा निळा जोडा आणि एक पिवळा जोडा असं वऱ्हाड घरी आलं. निळ्या नरानं आल्या आल्या माझी पोकळी बळकावली. तिथून तो सगळ्या टाकीवर दादागिरी करायचा. पट्टेवाला नर त्याच्यासारखाच निळा, त्यामुळे त्याच्यावर तर हा दात धरूनच होता. पाठलाग करकरून त्यानं त्याच्या शेपटीच्या चिंध्या केल्या. मी सगळं पाहत होतो. पण धोंड्याला कुठे मध्ये पडता येतं? एका सकाळी पट्टेवाला तरंगताना दिसला.

रखमाबाईंनी तो ओंजळीत घेतला आणि पदरानं हलकेच टिपला. मला नवल वाटलं. आयुष्यभर मेलेली मासळी हाताळलेली बाई ही.

"बाजारातला मासा येगळा," त्या म्हणाल्या. "ह्याला आपण घरात आणलेला. घरात आणून मारामारीत मारायचा? मना नाय बघवत. आणखी एक मेला ना विनीत, तर ही टाकी घरातून बाहेर."

 त्या दिवसापासून दक्षता कामावरून आली की टाकीसमोर पाट टाकून बसायची. कोण कुणाच्या मागे लागतो, कोण कुठे लपतो, किती चिकाटीनं बघायची ती. मला तिचं फार कौतुक वाटायचं. माणसं काचेतून मासे बघतात आणि दोन मिनिटांत मोबाइल काढतात. हिनं कधी काढला नाही.

तिलाच आधी कळलं की निळी मादी खात नाहीये आणि तिचा गळा फुगलाय. या जातीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिलं पोहण्याजोगी होईपर्यंत उपाशी राहते. आता पट्टेवाला नव्हता, म्हणून निळ्याचा सगळा जोर बिचारीवर. लपायची एकच धड जागा, ती माझी पोकळी, आणि तिथे तो स्वतःच ठाण मांडून बसलेला. मादी वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून राहायची. तिचे कल्ले धपापताना दिसले की मला माझाच राग यायचा.

दक्षता पंढरीकडे जाऊन आली.

"आई, त्याला वेगळा काढला तर परत आल्यावर तेच करणार. आणि हिला पकडायला गेलो तर घाबरून तोंडातलं टाकून देईल. पंढरी म्हणतो जोड्या नकोच. त्याच्याच जातीच्या अजून तीन माद्या सोडा. आणि दुसरा निळा नर कधीच नको."

"एकाला चार बायका?" रखमाबाईंनी पदर सावरला. "माझ्या घरात?"

"चौघी असल्या की एकीच्याच मागे लागायला त्याला फुरसत नाय मिळणार, आई."

रखमाबाई खुदकन हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "नव्या आल्या की आधी त्यांना मारील तो. जागा त्याची हाय ना. आमच्या बाजारात शेवंती अशीच होती. कुणी नवी बाय शेजारी टेकली की तिची पाटी उलथवायची. मग बाजार दुरुस्तीला काढला, सगळ्यांना पत्र्याच्या शेडमधी बसवलं. शेवंती आपली जागा शोधतच राहिली. तवर नव्या बाया बसून धंदा पण करायला लागलेल्या."

सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. दक्षतानं बाह्या वर केल्या आणि हात टाकीत घातला.

टाकीत आल्यापासून माझ्यावर घर हलवायची ही पहिलीच वेळ. मधला मी एका टोकाला गेलो, टोकाचे दगड मध्ये आले, नव्या कपारी झाल्या. मग पंढरीकडून आणलेल्या तीन नव्या माद्या सोडल्या आणि टाकीचा दिवा मालवला. निळा आला तो थेट माझ्या जुन्या जागी, आणि तिथं मोकळ्या वाळूवर गोल गोल फिरत राहिला. त्याची ती त्रेधा बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढा दांडगा, पण दारच हरवल्यावर कुणाला हाकलणार?

त्या गडबडीत फुगल्या गळ्याची मादी हळूच माझ्या पोटाशी आली. निळा कधी हिच्या मागे, कधी तिच्या मागे. कुणा एकीचा जीव घेण्याइतका वेळ त्याला उरला नाही. त्यानं नंतर दुसरी कपार धरली. आजही तो फणकारतो, पण नुसताच.

सासू-सुनेनं त्याला ना बाहेर काढलं, ना मारलं. घर तेवढं नव्यानं मांडलं. नदीत एवढी वर्षं काढली, पण पाण्यालाही असं शहाणपण सुचलेलं मी पाहिलं नाही.

आज रविवार. टाकी साफ करायला विनीत नळी घेऊन आलाय आणि टाकीसमोरच्या पाटावर रखमाबाई चष्मा लावून बसल्यात. "त्या काळ्या धोंड्याला हात लावशील तर बघ," असं त्यांनी लेकाला बजावलंय. वाचकहो, तुमच्या घरी असा कुणी दांडगा असेल तर त्याला हाकलण्याआधी दगड जरूर हलवून बघा. मला मात्र आज कुणी उचलू नका. पहाटे त्या उपाशी मादीनं तोंड उघडलं, आणि आता माझ्या पोटाशी तिची पिलं आहेत.