‘अजून एक’ म्हणणारा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी मृत्यूला हरवलं आहे. अर्थात अर्धा तासच. तेवढ्यात माझी बॅटरी संपते.

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या डुएन कुबिचेकने मला घेतलं ते मुलीची, मार्लिसची, गोळाफेक टिपायला. कॉलेजांचे प्रशिक्षक अशा कॅसेटी मागवतात. फेक आवडली तर संघात जागा मिळते. मक्याच्या शेताकडेला मला डोळ्याला लावून डुएन ओरडे, “कोपर वर! गोळा फेकतेयस की कोंबड्या हाकलतेयस? अजून एक!” माझ्या पोटात त्याचा चेहरा कुठेच नाही. कॅमेरा धरणारा चित्रात येत नाही. आवाज तेवढा आहे.

त्याच वर्षी हिवाळ्यात डुएन हृदयविकाराने गेला. शेजारीपाजारी भांडी भरभरून जेवण घेऊन आले आणि माझं कौतुक करून गेले. “बरं झालं, आवाज तरी राहिला.” बरं झालं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

मार्लिसचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. पहाटे बेकरीत कोलाचे नावाच्या गोड पावांचं पीठ मळायचं, मग शाळा, मग गोळा, मग रसायनशास्त्र. त्यात नापास झाली, तर गोळा शेजारच्या राज्यात जाऊन पडला तरी कॉलेजच्या संघात जागा नव्हती. सरावाला ती मला कुंपणाच्या खांबावर ठेवून कॅसेट लावी. बाप ओरडे, ती फेके. कॅसेट संपत आली की धावत येऊन मागे फिरवी. मेलेला माणूस थकत नाही, मित्रांनो. ‘अजून एक’ म्हणायला त्याचं काय जातं? मीही म्हणत राहिलो. नोकरीच ती.

रसायनशास्त्राच्या परीक्षेत ती पेपरवरच झोपली. ऑस्टरगार्ड बाईंनी हलवलं, तर म्हणाली, “हो बाबा, फेकते.” बाईंनी घरी फोन केला.

संध्याकाळी तिची आई जोलीन शेताकडे आली.

“काहीतरी एक सोड, मार्लिस. बेकरी सोड.”

“मग घर कसं चालायचं?”

“मग गोळा सोड.”

“बाबांना काय सांगू?”

“त्यांना मी सांगते. लग्न झाल्यापासून तेच करतेय.”

तेवढ्यात कॅसेट संपत आली. मार्लिस धावली. जोलीनने माझ्यावर हात ठेवला.

“फिरवू नकोस.”

“आई, पुढे बाबा संपतात!”

“संपू दे.”

पुढे नुसता वारा होता. मग डुएन, आवाज खाली आणून, “बास, पोरी. दमलीस तू. चल घरी, भूक लागली. आई ओरडेल.”

“ओरडणारच होते मी,” जोलीन म्हणाली.

मार्लिस तिथेच गवतात बसली, आई शेजारी टेकली, आणि ती बसल्या बसल्या आईच्या खांद्यावर झोपली.

माझ्या पोटात हे सगळा वेळ होतं. पण आम्हा यंत्रांना कुणी पुढे जाऊ दिल्याशिवाय बोलता येत नाही.

त्यानंतर ती रोज ‘बास’ ऐकून घरी जाऊ लागली. रसायनशास्त्रात कशीबशी सुटली. मोठ्या कॉलेजाने उत्तरच दिलं नाही. एका छोट्या कॉलेजाने बोलावलं, आणि ती गेली.

आता मी स्वयंपाकघरात असतो. दुपारी एकटी असली की जोलीन मला लावते. “चल घरी, भूक लागली,” डुएन म्हणतो. ती दोन ताटल्या काढते. जरा वेळाने एक परत ठेवते.

मित्रांनो, गेलेल्या माणसांचं जरूर ऐका, पण शेवटपर्यंत ऐका. मध्येच थांबवलेला बाप उगाच कडक वाटतो.

बाकी माझी तक्रार नाही. फक्त माझ्या डोक्यावर पावाचा डबा ठेवतात, तो तेवढा कुणीतरी उचला.